सगळ्यांना नऊ नंबर

गमबूट वाटपाचा कार्यक्रम अकराला होता, म्हणजे सव्वा वाजता सुरू झाला. मंडप, फ्लेक्स, फ्लेक्सवर हात जोडलेले नऊ चेहरे, आणि सगळ्यात खाली, चेहऱ्याविना, नुसत्या अक्षरांत 'आमचे स्वच्छतादूत'. हे स्वच्छतादूत सकाळी सहाच्या हजेरीला आले होते, पाळी उरकून हातपाय धुऊन रांगेत बसले होते. शहराचं नाव सांगायची गरज नाही. वाचकांनी आपापल्या शहराचं नाव घालून वाचावं, एकही वाक्य बदलावं लागणार नाही.

बूट काळे, चकचकीत, पिवळ्या तळाचे. आणि झाडून सगळे नऊ नंबरचे.

भांडार विभागाची बाजू ऐकून घेतली पाहिजे. निविदेत 'गमबूट, जोड २००' एवढंच होतं. मापाचा रकाना नव्हता. नसलेल्या रकान्यात माप लिहिलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि आक्षेप निघाला की पेन्शन अडकते. मग नऊच का? तर लहान पाय मोठ्या बुटात जातो, मोठा पाय लहान बुटात जात नाही. या युक्तिवादात खोट काढता येत नाही. रांगेत पाच नंबरच्या पायाच्या एक मावशी होत्या. त्यांनी बुटात पाय घातला, दोन पावलं टाकली. पाय पुढे आला, बूट जागेवर राहिला. "पुढं चिंधी कोंबा," मुकादम म्हणाले. चिंधीची तरतूद अर्थातच निविदेत नाही, ती घरून आणायची.

हेच तत्त्व प्रशासनाने इतरत्र लावलं तर केवढी बचत होईल. साहेबांच्या केबिनमधली खुर्ची घ्या. तिच्यासाठी पाठीचा कणा, मानेचा कोन, हाताच्या कोपराची उंची असा सगळा विचार होतो. कॅटलॉग येतं, तीन कंपन्यांची खुर्ची 'ट्रायल'वर येते आणि साहेब प्रत्येकीवर दोन-दोन दिवस बसून बघतात. गाडीचा रंग बघतात, सीटचं कापड हाताने चाचपतात. व्यासपीठावरच्या मान्यवरांच्या फेट्यासाठीसुद्धा माणूस मुद्दाम बोलावला होता, आणि तो प्रत्येक डोकं वेगळं मानून फेटा बांधत होता! नऊ मान्यवर, नऊ डोकी, नऊ मापं. खाली दोनशे जण, चारशे पाय, एक माप. सगळ्यांना एकच माप मिळणं हीच खरी समता, असं कुणी म्हणालं नाही एवढंच. पण भाषणं अजून संपली नव्हती, आशा होती. पुढच्या वर्षी चष्मे वाटायचे आहेत म्हणे. सगळ्यांना अडीच नंबर द्यावा, कुणाला तरी दिसेलच.

एका वक्त्यांनी भाषणात सामाजिक परिवर्तन आणलं. ते तसं खरंही आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावातल्या वाड्यासमोरून जाताना पायताण काढून हातात घ्यावं लागायचं, त्यांच्या नातवंडांना आता सरकार स्वतः पायताण देतं, फोटोसकट. फक्त ते घालून जायचं कुठे, हे अजून तेच ठरलेलं आहे.

आता एक गोष्ट मान्य करू. गमबूट निरुपयोगी नाहीत. गटारात काच असते, ब्लेड असतं, दवाखान्यांनी गुपचूप टाकलेल्या सुया असतात. पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस आत शिरतो. झाडलोट करणाऱ्याला, कचरा उचलणाऱ्याला बूट हवेतच, आणि मापाचे हवेत. पण हा समारंभ ज्या मृत्यूनंतर ठरला, तो माणूस पायाने मेला नव्हता. तो चेंबरमध्ये उतरला होता आणि नाकाने मेला.

चेंबरमध्ये साचणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं, आणि खाली उतरलेल्याला वाटतं, वास गेला, आता हरकत नाही. पाचशेच्या वर शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही आणि हजाराकडे गेला तर दोन-चार श्वासांत खेळ खलास. मग वरचा सोबती त्याला ओढायला उतरतो, त्याच्यामागे तिसरा. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका इमारतीच्या टाकीत तिघे गेले. परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात मे २०२३ मध्ये पाच जण गेले. या सगळ्यात बुटाची कामगिरी एवढीच, की पाणी गुडघ्याच्या वर आलं की ते बुटात भरतं आणि पाय जड होतात. म्हणून चेंबरमध्ये उतरणारा माणूस बूट काढून, चड्डीवर उतरतो. उतरण्याआधी झाकण उघडून थोडा वेळ थांबतो आणि झुरळं जिवंत आहेत का ते बघतो.

हसू नये. वायू तपासण्याची या देशातली सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत बहुधा हीच असेल. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत ४४ साधनांची यादी आहे. तीत चार वायू मोजणारा मॉनिटर आहे, श्वसनयंत्र आहे, ब्लोअर आहे, माणसाला वर खेचून घेण्याची तिपाई आणि अंगावरचा पट्टा आहे, नायलॉनची शिडी आहे, हेल्मेटवरचा दिवा आहे, रेनकोटसुद्धा आहे. झुरळं त्या यादीत नाहीत, पण हाताशी तीच असतात. आणि ४४ मधून पालिकांचा हात हटकून दोनच वस्तूंवर पडतो: हातमोजे आणि गमबूट. कारण उघड आहे. दोन्ही स्वस्त, आणि दोन्ही फोटोत दिसतात. गॅस मॉनिटर मुठीत मावतो, मान्यवर तो कामगाराच्या हातात ठेवतात तेव्हा मोबाइल दिल्यासारखं दिसतं.

तिसरं कारण अधिक खोल आहे आणि ते कायद्याच्या पोटात आहे. हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा आला. या दुसऱ्या कायद्यातच एक स्पष्टीकरण आहे: सरकारने ठरवून दिलेली उपकरणं आणि संरक्षक साधनं वापरून जो मैला साफ करतो, त्याला हाताने मैला साफ करणारा मानलं जाणार नाही. मैला तोच, माणूस तोच, त्याची जात तीच, पण साधनं दिल्याची नोंद झाली की प्रथा संपली! इतक्या झटक्यात तर मंत्र-तंत्रवाल्यांच्या दरबारातही गुण येत नाही. म्हणूनच अधूनमधून सरकारी उत्तर येतं की हाताने मैला साफ करताना देशात कुणी मेलेलं नाही. मेले ते गटारांची आणि टाक्यांची धोकादायक सफाई करताना मेले. विधवेने आपला नवरा कुठल्या कलमाखाली गेला ते नीट समजून घ्यावं आणि मग रडावं.

तेव्हा वाटपाच्या कार्यक्रमातली खरी मौल्यवान वस्तू बूट नव्हेच. ती होती मंडपाच्या कडेला लोखंडी टेबलावर ठेवलेली नोंदवही. बूट घ्या, इथे सही करा. सही येत नसेल तर अंगठा. अंगठ्याला माप लागत नाही. पुढे कधी काही झालंच तर चौकशी समिती येईल, नोंदवहीचं पान उघडेल आणि शेरा मारेल: 'साधने पुरविण्यात आली होती, संबंधिताने वापर केला नाही.' बूट कामगाराचा बचाव करतील की नाही ठाऊक नाही, कार्यालयाचा तर नक्की करतात. आणि मरणारा कंत्राटी असेल तर एवढाही त्रास नाही. कायमच्या कामगाराला निदान घाणभत्ता असतो, हजेरीपटावर नाव असतं. कंत्राटी माणसाचं नाव ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये 'पप्या गटार' असं असतं, आणि अपघातानंतर तेही सापडत नाही.

यावर आकडे हवेत तर सरकारी आहेत. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतले गटारांतले आणि टाक्यांतले काही मृत्यू सामाजिक लेखापरीक्षणात तपासले गेले. ५४ मृतांपैकी ४९ जणांच्या अंगावर एकही संरक्षक साधन नव्हतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या हातात नुसते हातमोजे. एका प्रकरणात मात्र हातमोजे होते आणि गमबूटही. तो माणूस बूट घालून मेला. त्याचा नंबर किती होता, हे अहवालात नाही.

आणि हे मरण सगळ्यांत सारखं वाटलेलं नाही, ही गोष्ट अशा कार्यक्रमात चुकूनही कुणी काढत नाही. गटारं आणि टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची सरकारी नोंदणी सप्टेंबर २०२४ पर्यंत झाली, त्यांत जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे सुमारे ६९ टक्के. दिवाणखान्यात, पॅनेलवर, लग्नाच्या पंगतीत 'आता कुठे राहिलीय जात' असं ठणकावून सांगणाऱ्यांना हा आकडा कुणी दाखवत का नाही? राजकारणातल्या घराणेशाहीवर या देशात रोज रात्री नऊ वाजता आरडाओरडा होतो. झाडूची घराणेशाही त्याहून जुनी, बापाच्या जागी पोरगा, सासूच्या जागी सून, आणि तिथे घराण्याबाहेरचा उमेदवार कुणी मागतही नाही. गुणवत्तेवर डावललं गेल्याची तक्रार चेंबरच्या तोंडाशी आजवर एकाही गुणवंताने केलेली नाही. या जागांवर शंभर टक्के आरक्षण आहे, पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्याविरुद्ध एकही मोर्चा निघालेला नाही. बारावी पास झालेला पोरगा बापाच्या जागी लागतो तेव्हा घरात पेढे वाटतात, कारण दुसरी नोकरी नाही, हे पेढे घशाखाली कसे उतरतात ते बघायला कुणी जात नाही. तिथे वाटप करायला शाली येतात. मे महिन्यात लोकरीची शाल! तेवढ्या पैशांत निदान पाच नंबरचे बूट आले असते.

यंत्रं नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. केरळात २०१८ मध्येच चेंबरमध्ये उतरणारा यंत्रमानव कामाला लागला. आपल्याकडेही सक्शन गाडी असते, जेटिंग मशीन असतं. त्यांचं लोकार्पण होतं, नारळ फुटतो, हार चढतो. मग कळतं की गाडी मोठी आणि गल्ली अरुंद. किंवा चालक कंत्राटी आणि कंत्राट संपलेलं. किंवा पाइपचं तोंड तुटलं आणि त्याची निविदा तिसऱ्यांदा निघाली आहे. पोरगा मात्र कुठल्याही गल्लीत जातो, त्याला डिझेल लागत नाही आणि त्याच्या दुरुस्तीची निविदा काढावी लागत नाही. मेलाच तर भरपाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तेव्हापासून अधिकाऱ्यांच्या बोलण्यात जीव महाग झाल्याची कुरकुर ऐकू येते.

इथपर्यंत वाचून ज्यांनी मान डोलावली, पालिकेला दोन शिव्या घातल्या आणि लेख सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलायला घेतला, त्यांना थोडं थांबवणं भाग आहे. त्या ५४ मृतांपैकी ३८ जणांना कुणीतरी परस्पर, वैयक्तिक कामावर बोलावलं होतं. २०१३ चा कायदा फक्त पालिकेला लागू नाही. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणाऱ्या कुणालाही पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. या 'कुणालाही'मध्ये सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार बसतात. पालिकेकडे निदान नोंदवही तरी होती.

परवाच एका सुशिक्षित, पुरोगामी, चौदा एप्रिलला डीपी बदलणाऱ्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. विषय क्रमांक चार, लॉबीतल्या फरश्या: दीड तास चर्चा, इटालियन की कोटा, मतदान, इटालियन. विषय क्रमांक पाच, सेप्टिक टँक: यंत्राने उपसायचा खर्च किती, असं एका आजोबांनी विचारलं. आकडा ऐकून हॉलमध्ये शांतता पसरली. "गेल्या वेळी दोन पोरांनी त्याच्या निम्म्यात केलं होतं," खजिनदार म्हणाले. एका ताईंनी हे बेकायदा असल्याचं सांगितलं, त्यांचं म्हणणं इतिवृत्तात 'सूचना' म्हणून घ्यायचं ठरलं आणि विषय पुढच्या सभेवर गेला. टाकी तोवर थांबणारी नव्हती. सेक्रेटरींनी रात्रीच नेहमीच्या माणसाला फोन लावला. रविवारी सकाळी सातला दोघांना पाठवतो म्हणाला. पार्किंगमधल्या गाड्या तेवढ्या आदल्या रात्री काढून ठेवा, एवढीच त्याची अट.