दुसऱ्या नंबरची कला

पहिल्याच फेरीत ‘सोल रिंग’ हाताला लागली की कुणाचाही चेहरा खुलतो. एक माना, म्हणजे खेळातलं जादूचं चलन, खर्च करून पत्ता मांडायचा आणि मग दर फेरीला दोन माना वसूल करायचे. एवढ्या फायद्याचा व्यवहार आजकाल कुठे मिळतो? दोघांच्या सामन्यात अशी सुरुवात म्हणजे अर्धा डाव खिशात. टेबलाभोवती चौघं असली की मात्र तोच पत्ता खाली पडताच उरलेले तिघं एकमेकांकडे बघतात आणि चकार शब्द न काढता ठराव मंजूर होतो: आधी याला बघू.

खेळ ‘मॅजिक: द गॅदरिंग’, आणि प्रकार ‘कमांडर’. शंभर पत्त्यांचा डेक. त्यातला एक तुमचा सेनापती, बाकीच्या नव्व्याण्णवांत माना देणाऱ्या साध्या जमिनी सोडल्या तर कुठलाही पत्ता एकदाच. प्रत्येकाला 40 लाइफ. मेंढीकोटासारखा समोर बसलेला भिडू आपला, अशी सोय नाही. इथे तिघंही परके, आणि तिघांचीही गरज.

गंमत अशी की रिचर्ड गारफील्ड या गणितातल्या माणसाकडे खेळ छापणाऱ्या कंपनीच्या पीटर अ‍ॅडकिसनने मागितला होता तो सुटसुटीत, कुठेही नेता येईल असा खेळ; मोठ्या खेळांच्या संमेलनात दोन डावांच्या मधला वेळ घालवायला. 1993 साली तो बाजारात आला. पुढे अलास्कातल्या काही मंडळींनी त्यातून हा चौघांचा प्रकार काढला, स्पर्धांमधल्या पंचांनी तो उचलला, दिवसभर दुसऱ्यांची भांडणं सोडवून झाली की रात्री स्वतःची करायला. कंपनीने 2011 मध्ये त्यासाठी तयार डेक विकायला काढले. मधला वेळ घालवायचा तो खेळ आता दोन दोन तास चालतो, आणि एखाद्याची फेरी संपेपर्यंत बाकीच्यांचा चहा पिऊन होतो.

डेक बांधणारे लोक रात्र रात्र जागतात. जमिनी छत्तीस ठेवू की सदतीस, यावर मैत्री तुटायची वेळ आलेली मी पाहिली आहे. पण दोघांच्या खेळातलं शहाणपण इथे कसं वाया जातं बघा. धडाधड हल्ला करणाऱ्याला समोरचे 20 नव्हे, तिघांचे मिळून 120 लाइफ कापायचे असतात. त्याचा दम पहिल्या शेजाऱ्यातच निघतो. बरं, जपून खेळावं, समोरच्याचा प्रत्येक राक्षस एकेका पत्त्याने मारावा, तर हिशेब आणखी वाईट. तुमचा एक पत्ता गेला, त्याचा एक गेला, आणि बाकीचे दोघं फुकटात एकेक पत्त्याने श्रीमंत झाले. वर ते ‘छान केलंस’ म्हणतात. म्हणून जाणते लोक वाट बघतात आणि ‘रॅथ ऑफ गॉड’ टाकून टेबलावरचे सगळेच राक्षस साफ करतात.

काहींना भांडणच नको असतं. ते ‘प्रोपगंडा’ मांडून बसतात: माझ्यावर चालून यायचं तर प्रत्येक प्राण्यामागे दोन माना भरा. हल्ला अशक्य होत नाही, फक्त शेजारी स्वस्त पडतो. तटबंदीचं सगळं मर्म एवढंच. काही त्याहून गोड. ‘हाउलिंग माइन’ लावून सगळ्यांनाच दर फेरीला जादा पत्ता वाढतात, पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानासारखे. आपणही लाजत लाजत घेतो आणि पोट जड झाल्यावर कळतं की यजमान अजून जेवायलाच बसलेला नाही. या लोकांचा लाडका सेनापती म्हणजे ‘फेल्डाग्रिफ’, पंख असलेला जांभळा पाणघोडा. हा विरोधकाला एक लहानसा पाणघोडा भेट देतो आणि त्या बदल्यात तुडवत पुढे जायची ताकद मिळवतो. एवढा खरा स्वभाव कुठल्या ड्रॅगनमध्येही रंगवलेला नाही.

माझ्या मते सगळ्यांत खोल पत्ता मात्र ‘रिस्टिक स्टडी’. निळा, दिसायला अगदी गरीब. दुसऱ्या कुणीही काही टाकलं की मालकाने मऊ आवाजात विचारायचं, “एक भरतोस?” एक जादा माना भरला तर ठीक, नाहीतर मालक एक पत्ता ओढणार. पहिल्यांदा जो तो म्हणतो, “घे रे, एका पत्त्याने काय होतंय.” दुसऱ्यांदाही तेच. तिघांनाही ठाऊक असतं की भरायला हवं, आणि तिघांनाही वाटतं की आपण सोडून इतरांनी भरावं. तासाभराने मालकाची मूठ पंख्याएवढी रुंद झाली की तिघं एकमेकांवर खेकसतात, “अरे, तू का नाही भरलास?”

हे सगळं पाहिल्यावर कळतं की खरा डेक तोंडात असतो. जिंकणारा कधीच पहिल्या नंबरवर दिसत नाही. तो बेताने दुसरा असतो. “माझ्याकडे काय आहे, चार झाडं आणि एक बेडूक. तिचा ड्रॅगन बघा आधी.” मी नाही त्यातली आणि कडी लाव आतली. ज्याची सात जमिनींची पानं आडवी न करता, म्हणजे माना न खर्चता, उभीच आहेत आणि चेहऱ्यावर वैराग्य आहे, त्याच्यापासून सावध राहावं. त्याच्या आधीच्या गड्याची फेरी संपता संपता ‘सायक्लोनिक रिफ्ट’ पडतो. जमिनी सोडून बाकी तिघांचं सगळं सामान हातात परत, आणि पुढची फेरी अर्थातच त्याची. हरलेल्यांना तेव्हा आठवतं की ड्रॅगन मारायला सुचवलं होतं तेही यानेच.

अशा भोळ्याभाबड्यांना ओळखता यावं म्हणून 2025 च्या सुरुवातीला कंपनीने डेकच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि डाव पालटणाऱ्या पत्त्यांची यादी काढली. ‘रिस्टिक स्टडी’ आणि ‘सायक्लोनिक रिफ्ट’ दोन्ही त्यात आले. तिसऱ्या पायरीवर असे तीनच पत्ते चालतात. त्याआधी लोक दहापैकी गुण सांगत आणि टेबलावर चारही डेक हमखास सात गुणांचे निघत. आता चौघंही हात वर करून तिसरी पायरी सांगतात, आणि प्रत्येकाच्या डेकात त्या यादीतले पत्ते मोजून तीनच असतात.