पोरं उठेनात हो!

महाविद्यालय चालवणाऱ्यांना एकच भीती ठाऊक असते: पोरं येत नाहीत. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम, पालकांना पत्रं, बायोमेट्रिक यंत्रं, सगळी शस्त्रं त्या एका शत्रूसाठी. पोरं आली आणि जाईनातच, तर काय करायचं, यावर परिपत्रक नाही.

ही आपत्ती अमेरिकेत केंटकी राज्यातल्या विल्मोर गावावर कोसळली. वस्ती सहाएक हजार. तिथल्या ॲस्बरी या ख्रिस्ती विद्यापीठात चॅपलला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, बसणं सक्तीचं आहे. ८ फेब्रुवारी २०२३, बुधवार. प्रवचनाला झॅक मीअरक्रीब्ज. प्रवचन आटोपलं आणि त्यांनी बायकोला निरोप धाडला, की आजचंही फसलं, येतोच घरी. (आपल्या व्याख्यानमालांत असले निरोप श्रोत्यांना धाडावे लागतात.)

सक्तीचं बसून झालं होतं, वर्ग वाट बघत होते. पण वीसेक पोरं जागची हलली नाहीत. गात राहिली, प्रार्थना करत राहिली, मधूनच कुणी उठून आपली चूक सांगू लागलं. गेलेली परतली, येताना मित्रांना घेऊन आली. रात्र झाली तरी सभागृह रिकामं होईना. रंगीत दिवे नाहीत, धूर सोडणारं यंत्र नाही, नामवंत गायक नाही. मुख्य म्हणजे आयोजक नाही! आपल्याकडे गच्चीवर कोजागिरीचं दूध आटवायचं म्हटलं तरी आधी समिती होते, आणि दूध आटण्याआधी समितीत फूट पडते.

याच सभागृहात ३ फेब्रुवारी १९७० रोजीही असंच झालं होतं. तेव्हा अधिष्ठात्यांनी ठरलेलं प्रवचन बाजूला ठेवून पोरांनाच बोलू दिलं, आणि उपासना १८५ तास अखंड चालली. म्हणजे एकदा भाषण झालंच नाही, एकदा झालं ते वक्त्याच्या मते फसलं. दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्यांची यादी करणाऱ्यांनी यातून काय तो बोध घ्यावा.

तर २०२३ मध्ये बातमी फुटली आणि मोठी माणसं धावली. सोळाएक दिवसांत पन्नास हजारांवर लोक त्या गावात उतरले. सभागृहात जागा जेमतेम दीड हजार. बाहेर थंडीत रांगा, रस्त्यावर गाड्यांचा खोळंबा. पोरं फोन खाली ठेवून बसली आहेत, हे अद्भुत दृश्य जगाला दाखवण्यासाठी पाहुणे फोन उंच धरून उभे. फॉक्स वाहिनीच्या टकर कार्लसन यांना तर विद्यापीठाने कळवलं, की कृपा करून येऊ नका. वाहिनीला नको म्हणणारी शिक्षणसंस्था! हा चमत्कार आमच्या मते त्या पंधरवड्यातला सर्वांत मोठा; पण त्याची साक्ष द्यायला कुणी उठलं नाही.

शेवटी संध्याकाळच्या सभा पंचविशीपर्यंतच्या तरुणांसाठी राखून ठेवाव्या लागल्या. ज्यांनी आरंभ केला, त्यांनाच आत शिरायला राखीव जागा. आरक्षणाला विरोध करणाऱ्यांनीही इथं गप्प बसायला हरकत नाही.

आपल्या केडगावला हे नवं नाही. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जूनअखेरीस मुली रात्री-अपरात्री उठून प्रार्थना करू लागल्या. एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकिगत तिथल्या मिनी अब्राम्स यांनी सांगितली आहे. ज्वाळांचं ज्याचं त्यानं ठरवावं. माझा मुजरा बादलीवालीला. आग दिसल्यावर तिनं निदान पाणी आणलं. विल्मोरला धावलेल्यांतले कितीतरी नुसतेच शेकायला गेले होते.

त्यात पुढारी होते, प्रचारक होते, आणि पत्रकारही. आमची जमात कुठंही कमी पडत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावात कुठं पाच-पंचवीस पोरं आपणहून, शांतपणे, कुणी न सांगता रात्रभर बसलेली दिसली, तर दार हलकेच ओढून घ्या. आणि मेहेरबानी करून आम्हाला कळवू नका.