मापाचे तात्या

वडूजच्या कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी तात्या सापडतीलच. ओळखायची खूण सोपी आहे. त्यांच्या घरचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो, पिशवीला रबर असतं आणि आवाज वाढवायचं बटण अंदाजाने दाबावं लागतं. मिक्सरला झालरीचा फ्रॉक, शिलाई मशीनला जुन्या पडद्याचं झबलं, मोटरसायकलच्या सीटवर शोरूममधून आलेलं प्लास्टिक. उन्हाळ्यात त्या प्लास्टिकला विजार चिकटते, उठताना चर्रर्र आवाज येतो. पण सीट अजून नवी आहे, हे तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. सीट कुणी पाहिलेली नाही.

आमच्या गल्लीतले तात्या विकास सोसायटीचे निवृत्त सचिव. त्यांना हसणं सोपं आहे, पण खटाव तालुक्यात जन्मलेल्याने जरा जपून हसावं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांच्या डोक्यात एक हिशेब कायमचा बसला: घेतलेली वस्तू पुन्हा घ्यायची नसते. शिवाय सगळीच कव्हरं हसण्यासारखी नसतात. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार हुतात्मा झाले. त्या मोर्च्यात असलेल्या वडिलांची टोपी तात्यांनी मलमलीत बांधून ठेवली आहे. तिथे कुणी विनोद करत नाही. मीही करत नाही.

तर या घरात लॅपटॉप आला. नातीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. पेढे वाटून झाले, शेजारीपाजारी पडदा बघून गेले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "याचं कव्हर कुठाय?"

नात म्हणाली, "तात्या, ऑनलाइन मागवते. स्लीव्ह म्हणतात त्याला."

"न बघता? न दाबता? आगं, कांदा घेताना आपण दाबून बघतो."

दुसऱ्या दिवशी तात्या बाजारात निघाले, पण लॅपटॉप न घेता. बाजारात धूळ असते, मग त्याला बाहेर कसं न्यायचं? त्यांनी रात्री बसून शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा लॅपटॉपच्या मापाने कापला होता. लांबी ३६ सेंटिमीटर, रुंदी २४. तेवढीच जाडी येण्यासाठी थरावर थर चिकटवले, कोपरे गोल घासले, वर खाकी कागद लावला. तो पुठ्ठा काखेत मारून ते दुकानात शिरले, तेव्हा मालकाला वाटलं, कुणाचा तरी फोटो फ्रेम करायचा आहे. चेहरा दुःखी करून त्याने विचारलं, "कधी झालं, तात्या?"

गैरसमज मिटल्यावर त्याने काउंटरवर पाच-सहा स्लीव्ह टाकल्या. "किती इंची हाय लॅपटॉप?"

"इंच तू सांग. मी सेंटिमीटर आणलेत."

"पंधरा पॉइंट सहा असंल. ह्यो घ्या, पंधरा पॉइंट सहाचाच हाय."

"कुठनं कुठपर्यंत पंधरा पॉइंट सहा?"

नात लाजून दुकानाबाहेर उभी होती. तिने तिथूनच सांगितलं की हे माप पडद्याचं असतं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपं.

"तिरपं?" तात्यांनी चष्मा काढला. "पुसेगावच्या यात्रेत खोंड बघताना डाव्या शिंगापास्नं उजव्या खुरापर्यंत टेप लावतं का कुणी? मग झूल कशी बेतायची?"

दुकान हसलं, पण मुद्दा बिनतोड होता. १५.६ इंच म्हणजे ३९.६ सेंटिमीटर, तेही फक्त काचेचे, तिरके. काचेभोवतीचा काठ किती, हे त्यात येत नाही. जुन्या जाड काठाच्या मशीनची लांबी ३८ सेंटिमीटरपर्यंत जाते, नवी पातळ काठाची मशीनं ३६ मध्ये बसतात. दोघांच्या खोक्यावर १५.६ च छापलेलं असतं. स्लीव्ह बनवणारा मोठ्या मशीनच्या मापाने शिवतो, आणि पातळ मशीन आत घरंगळत राहतं. पिशवी खाली टेकली की सगळा भार एका कोपऱ्यावर येतो, अन् तडा तिथूनच जातो.

मालकाने पुठ्ठा आत सरकवला. तात्यांनी स्लीव्ह कानाशी धरून हलवली. आतून आवाज आला. नापास. दुसरी इतकी घट्ट की चेन ओढताना पुठ्ठ्याची कड सोलली, तीही नापास. तिसरीत पुढे चार्जरचा खिसा होता. मालक कौतुकाने दाखवायला गेला, तर तात्यांनी चार्जरएवढा साबण मागून घेतला, खिशात ठेवला आणि वरून तळहात दाबला. "एसटीत गर्दी झाली की हे ढेकूळ काचेवर दाबलं जाणार. चार्जरला येगळी पिशवी." मला हे आजवर सुचलं नव्हतं. माझा चार्जर त्या वेळी नेमका अशाच खिशात होता.

चौथी निओप्रीनची होती. १९३० साली अमेरिकेत शोध लागलेलं हे कृत्रिम रबर, पाणबुड्यांच्या पोशाखाला वापरतात, असं मालकाने मोबाइलवर वाचून दाखवलं.

"पाण्यात बुडी मारायचं कापड? वडूजला?" तात्या म्हणाले. "येरळेत निम्मं वर्ष घोटाभर पाणी नसतंय."

"वॉटरप्रूफ हाय, तात्या."

"तांब्या आण."

तांब्या आला. कापडावरून पाणी ओघळून गेलं, मालक खूश झाला. मग तात्यांनी चेनीवर धार धरली. आतला खाकी कागद ओला झाला. कापड पाणी अडवतं, पण शिवण आणि चेन अडवत नाहीत, हे दुकानातल्या सगळ्यांना एकदम समजलं. मालकाने शांतपणे शब्द बदलला: वॉटरप्रूफ नव्हे, वॉटर रेझिस्टंट. तात्यांनी त्यावर पन्नास रुपये कमी करून घेतले. निओप्रीन थोडं ताणतं, म्हणून मशीन अंगाबरोबर बसतं. चेनीच्या आत कापडाची पट्टी होती, त्यामुळे दात मशीनला लागत नव्हते. कोपऱ्यात स्पंज दुहेरी होता. पुठ्ठा घालून हलवलं तर आवाज नाही. पास.

वेळ मात्र दोन तास गेला. तेवढ्यात नातीने गंमत म्हणून सांगितलं की जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्जने मॅकबुक एअर हा लॅपटॉप पहिल्यांदा दाखवला, तो कागदी ऑफिस-पाकिटातून बाहेर काढून. तात्यांना हा माणूस एकदम आवडला. वडूजच्या कचेरीभोवती अख्खं आयुष्य सातबारा असलेल्या खाकी पाकिटांतच गेलेलं. "पाकिटातनं आणला? मग जपून वागणारा दिसतोय. पाकीट परत घेतलं का त्यानं?"

जायच्या दिवशी वेगळाच घोळ झाला. नातीने सकाळी काहीतरी डाउनलोड केलं, झाकण मिटलं आणि लॅपटॉप स्लीव्हमध्ये घालायला लागली. तात्यांनी तळाला हात लावला. "ताप हाय ह्येला."

"जाईल हो, तात्या."

"तापात पांघरूण घालायचं न्हाई."

इथेही तात्या बरोबरच होते. नुसतं झाकण मिटून चालू राहिलेलं मशीन जाड कव्हरात गरम होत जातं, आणि त्या उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. पूर्ण बंद करून, निवल्यावरच आत घालावं. पण एसटीला हे कोण सांगणार? स्टँडवर गाडी लागलेली, कंडक्टर घंटी मारतोय, आजी लाडवांचा डबा घेऊन रडकुंडीला आलेली, आणि तात्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन उपरण्याने वारा घालत बसलेले. ती गाडी गेली. पुढच्या गाडीने नात पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला गेली, तिथून पुण्याला. मशीन गार होतं.

आता नात सुट्टीला येते तेव्हा स्लीव्हवर एक सुती खोळ असते. स्लीव्ह मळू नये म्हणून तात्यांनी ती शिवून पाठवली. तिच्या होस्टेलवर यावरून हसतात म्हणे, पण लॅपटॉपला ओरखडा नाही.

पुठ्ठा तात्यांकडेच आहे, पॉलिथिनमध्ये. गल्लीत कुणाचा लॅपटॉप आला की तो मागून नेतात. तुमचं मशीन ३६ बाय २४ चं असेल तर तुम्हीही खुशाल न्या. वहीत सही करावी लागते, आणि कोपरा दुमडला तर नवा कापून द्यावा लागतो.