चाकरीतली 'री'

गाडीवाले सर म्हणजे चालती नोकरी सोडून चालत्या गाडीत राहायला गेलेला गृहस्थ. धाराशिव जिल्ह्याचे तालुके आठ. त्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर विचारा, चहावाला हात करून त्यांची गाडी कुठे लागली आहे ते दाखवतो. 'सर' या शब्दाचा शिकवण्याशी संबंध असतोच असे नाही. ते जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक असतात, पतसंस्थेत वसुली अधिकारी असतात, किंवा हिंजवडीत बारा वर्षे संगणकापुढे बसून मान आणि कंबर घेऊन गावाकडे परतलेले असतात. इकडे इस्त्रीची पँट आणि चष्मा एकत्र दिसले की त्याला सर म्हणतात. नोकरीबरोबर इस्त्री सुटते, सर राहतो.

नोकरी का सोडली, याचे उत्तर गाडीच्या मागच्या काचेवर रेडियमने लिहिलेले असते : 'चाकरीतली री काढली की उरतं चाक!' वाचून कोणी थांबलाच तर खुलासाही मिळतो. री म्हणजे साहेबांची ओढलेली री. तेवीस वर्षे ओढली, आता बास. वास्तविक चाकर हा शब्द फारसीतून आला आहे आणि त्याचा चाकाशी सुतराम संबंध नाही. हे त्यांना कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला आणखी अर्धा तास थांबावे लागते.

सरांच्या दोन पोटजाती आहेत आणि त्या नेमणुकीच्या तारखेवरून ओळखायच्या. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सरकारी सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. वीस वर्षांची सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन त्यांना स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि म्हणून त्यांच्या वैराग्याला एक संथ, भरलेल्या पोटाची लय असते. त्या तारखेनंतर लागलेल्यांचे वैराग्य मात्र व्हिडिओ काढते. सकाळी सूर्योदय, दुपारी पिठले, संध्याकाळी 'चॅनेलला सबस्क्राइब करा'. हीच मंडळी २०२३ च्या मार्चमध्ये संपावर बसून जुन्या पेन्शनसाठी घसा कोरडा करत होती. आता तोच घसा 'पैशात काय ठेवलंय' हे सांगायला वापरतात.

गाडी बहुधा जुनी टेम्पो ट्रॅव्हलर असते. ती आधी शाळेची मुले वाहत असते, म्हणजे मालक आणि गाडी दोघेही मुदतीआधी निवृत्त. पिवळ्यावर पांढरा रंग मारला तरी तिरपे ऊन पडले की 'स्कूल बस' ही अक्षरे खालून हळूच वर येतात. नंबर एमएच २५. आतले काम एमआयडीसीतला वेल्डर करतो. त्याने आयुष्यभर ट्रॉल्या आणि कडबाकुट्टीचे सांगाडे जोडलेले असल्याने सरांचा पलंगही तीन टन ऊस पेलेल असाच होतो.

पहिल्या दिवशी सर गाडीत एक सतरंजी, एक तांब्या आणि एक पिशवी ठेवतात आणि जमलेल्या लोकांना विचारतात, "माणसाला लागतं तरी किती?" हे वाक्य नीट लक्षात ठेवावे. पंधरा दिवसांनी दोन बर्नरची शेगडी आणि छोटा सिलिंडर येतो. सर शेगडी पुसत म्हणतात, माणसाला लागतं तरी किती. मग फ्रिज येतो, कारण दूध नासते. फ्रिजसाठी बॅटरी, बॅटरीसाठी टपावर सोलर पॅनल. धाराशिवचे ऊन फुकट असले तरी त्यातही एक मेख आहे : गाडी उन्हात लावावी तर सर तापतात, सावलीत लावावी तर पॅनल झोपते. सर सावली निवडतात. चैत्रात कूलर येतो. ज्वारीच्या पिठाचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीच्या दोन बरण्या (एक तिखट, एक पाहुण्यांची), तीन फोल्डिंग खुर्च्या, कॅरम. शेवटी टपावर लोखंडी कॅरिअर आणि त्यावर ताडपत्री. ताडपत्रीखाली काय आहे हे सरांनाही सांगता येत नाही. विचारले तर तेच वाक्य येते, फक्त आवाज थोडा खाली असतो.

आणि एवढे सगळे झाल्यावर त्यांना फक्त एक प्लग लागतो.

प्लग हा सरांच्या साध्या राहणीचा कणा आहे. त्यांच्याकडे वीस मीटरची काळी वायर असते. गाडी मेहुण्याच्या दारात लागते आणि सर पायरीवरूनच सांगतात, "जेवायचं करू नका, अंथरूण घालू नका, मला काही नको. फक्त एक प्लग द्या." वायर खिडकीच्या गजातून आत येते. खिडकी लागत नाही म्हणून डास येतात, डासांसाठी मशीन लावायचे तर प्लग अडलेला. सकाळी मिक्सर लावताच फ्रिज, कूलर आणि मेहुणी एकदम बंद पडतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात दोन कॅन पाणीही जाते, पण ते 'जाता जाता' जात असल्याने त्याला मागणे म्हणत नाहीत. तुळजापूरपासून उमरग्यापर्यंत असे मेहुणे, साडू, जुने सहकारी पसरलेले असतात. नकाशावर त्यांची घरे जोडली की सरांचा भ्रमंतीमार्ग आपोआप तयार होतो. हे प्लग संपतात तिथे भारत संपतो.

या मार्गावरचे मुक्काम ठरलेले आहेत. पावसाळ्यात नळदुर्ग, कारण बोरी नदीला पाणी आले की पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. श्रावणात येडशीजवळचे रामलिंग. थंडीत परांड्याचा किल्ला. सरमकुंडी फाट्यावर खव्याच्या भट्ट्यांचा वास आला की गाडी आपोआप आडवी होते. इथे साध्या राहणीत पेढा मोडतो की नाही, यावर सरांचे मत दर खेपेला वेगळे असते.

तेरला मात्र सर बोलके होतात. तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे टिपण लिहिले, त्यात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे. तिथले कापड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून थेट भडोचच्या बंदराकडे जाई, असेही त्यात नोंदले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गाड्या आणि आपली टेम्पो ट्रॅव्हलर यांत सरांना सरळ वारसा दिसतो. पण तेरचेच दुसरे चाक ते सोयीने विसरतात. ते गोरोबाकाका कुंभारांचे. ते आयुष्यभर एकाच जागी फिरले आणि संतांच्या मेळ्यात बसायला त्याला कुठे जावे लागले नाही. नामदेवालाही कच्चे मडके ठरवणारे गोरोबांचे थापटणे सरांच्या डोक्यावर बसले असते तर कसला आवाज आला असता, याचा अंदाज मेहुण्याला आहे.

कायद्याच्या नजरेत सर अधांतरी आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की गाडी जशी नोंदली आहे तिच्यात परस्पर फेरफार करायचा नाही. राज्य सरकारने तर २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणच आणले. सरांचा पलंग या दोहोंच्या मध्ये वेल्ड केलेला आहे. आरटीओच्या माणसाला तो 'सीट' असल्याचे सांगितले जाते. रात्री पोलिसांनी काच ठोठावलीच तर सर चष्मा लावून आधार कार्ड पुढे करतात. बोलता बोलता हवालदाराचा चुलतभाऊ त्यांच्या हाताखाली होता हे निघते आणि आत चहा टाकला जातो.

त्याच रस्त्याला, त्याच लिंबाखाली कधी घिसाड्यांची गाडी सुटलेली असते. भाता, ऐरण, विळ्या-खुरप्यांचा ढीग आणि गाडीखाली झोपलेली पोरे. त्यांना कोणी चहा विचारत नाही. सकाळच्या आत हलायला सांगतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक फिरस्त्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का सरकारदरबारी पुसला गेला. रस्त्यावर मात्र तो सरांच्या गाडीवरच्या 'स्कूल बस'सारखा अधूनमधून वर येतो.

सरांच्या घरच्यांचा उल्लेख व्हिडिओत येत नाही, म्हणून इथे करणे भाग आहे. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. घराचे हप्ते, मुलाची फी, सासूबाईंच्या गोळ्या आणि सरांचे डिझेल ही चारही चाके बाईंच्या पगारावर फिरतात. दर शनिवारी सर कपडे धुवायला घरी येतात. वेळ अमावास्येला तर ते बाईंच्या आधी शेतात हजर असतात. कडब्याच्या कोपीत पूजा झाली की भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील पोटभर हाणून सांगतात की अशी चव सिमेंटच्या घरात नाही. भज्जीसाठी बाई पहाटे तीनला त्याच सिमेंटच्या घरात उठलेल्या असतात.

परदेशाचा दाखला म्हणून सर 'नोमॅडलँड' हा २०२० चा, ऑस्कर मिळालेला चित्रपट सांगतात. त्यातले डोंगर आणि संधिप्रकाश त्यांना पाठ आहेत. २००८ च्या मंदीचा फटका बसलेली म्हातारी माणसे त्यात गाडीत राहतात आणि हंगाम आला की साखरेच्या बीटच्या कामावर जातात, हा भाग त्यांनी बहुधा पुढे ढकलून पाहिला असावा. भूम, वाशी, कळंबच्या माणसाला तो भाग सगळ्यात आधी कळला असता. तिथली गावेच्या गावे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ट्रॅक्टरवर चढतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा, कोपीत राहायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचे. चाकावरच्या आयुष्याचा या जिल्ह्याचा अनुभव हा असा, पिढ्यांचा आहे.

अशीच एक टोळी येरमाळ्याजवळ ट्रॉलीचा टायर बसल्यामुळे रात्रभर अडकली, आणि पलीकडे सर मुक्कामाला होते. ट्रॉलीत एक पत्र्याची पेटी, तवा, घागर, सरपण, गोधड्या, दोन कोंबड्या आणि झोपेने पेंगणारी पोरे. पोराला कडेवर घेऊन एक बाई सरांच्या दारात आली आणि तिने दिव्याच्या उजेडात आत नीट पाहिले : फ्रिज, कूलर, कॅरम, बरण्या.

"एकलेच हाव? मग एवढं लागतंय व्हय एका माणसाला?"

सर बोलले नाहीत. तिने दुसरे विचारले, कारण तिच्या हिशेबाने संसार गाडीत भरायला एकच कारण असते.

"उचल किती घेतली?"

सर खरे बोलले. बँकेची सात लाख, साठ हप्ते.

"आई गं," बाई म्हणाली, "तुमचा मुकादम लईच जबरी दिसतोय. आमची तर गुढीपाडव्याला फिटंल." आणि फडक्यात बांधलेली एक भाकरी काढून तिने त्यांच्या पलंगावर ठेवली.

त्या रात्री सरांनी वीस मीटरची काळी वायर काढली. एरवी ती कुणाच्या तरी खिडकीतून आत जाते. त्या रात्री गाडीच्या खिडकीतून बाहेर आली. टोळीचे अकरा मोबाइल तिच्यावर चार्ज झाले, फ्रिज बंद ठेवावा लागला, दूध नासले. पहाटे टायर दुरुस्त झाला तेव्हा सरांनी ताडपत्री सोडली आणि कॅरिअरवरच्या दोन खुर्च्या ट्रॉलीत चढवल्या. याचा व्हिडिओ निघालेला नाही.

मागच्या काचेवरची 'री' मध्यंतरी उन्हाने उकलून पडली. सरांनी ती पुन्हा लावलेली नाही. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला बाईंच्या खात्यातून जातो.