मानेमागची कसरत

सोन्याच्या शुद्धतेची हमी द्यायला सरकार आहे. 1 एप्रिल 2023 पासून तर हॉलमार्कसोबत सहा अंक-अक्षरांचा क्रमांकही सक्तीचा झाला. पण दागिना घालणारीला तो एकटीने गळ्यात अडकवता येईल का, याचा शिक्का अजून निघायचा आहे. दुकानात समोर आरसा, वर दिवे आणि हूक लावायला मागे तत्पर सेल्सगर्ल. घरी फक्त आरसा. मग मोहरीएवढ्या कडीत तेवढाच हूक अडकवायला नवऱ्याला हाक मारायची. तो चष्मा शोधेपर्यंत मुहूर्त टळतो. (मंगळसूत्राला नवरा लागतो तो बहुधा इथेच.)

आज्यांच्या ठुशीला मागे सरकता दोरा असे. ओढला की घट्ट! ना स्प्रिंग, ना नखांची परीक्षा. त्याला आता ‘जुनाट’ म्हणतात. चुंबकाची कडी सोपी खरी, पण जड हाराला ती दगा देते, आणि पेसमेकरवाल्यांनी तिच्यापासून लांबच राहावं.

तेव्हा बाईसाहेब, घडणावळीवर घासाघीस करण्याआधी हूक स्वतःच्या हातांनी, न बघता, मानेमागे लावून पाहा. जमला नाही, तर सोनाराकडून मोठी कडी बसवून घ्या.