कुणाला पाडूलालात, मालक?

विधानसभेला तिसऱ्या पक्षाकडून उभा राहिलेला माणूस ताडकळसच्या बाजारात शिरला, की जाहीरनाम्याबद्दल त्याला कुणी अवाक्षर विचारत नाही. ‘कुणाला पाडूलालात, मालक?’ एवढंच विचारतात. ‘निवडून यायला उभा आहे,’ असं त्याने सांगितलं, तर विचारणारा जरा गप्प होतो, मायेने खांद्यावर हात ठेवतो आणि चहा सांगतो. पैसे अर्थातच उमेदवाराने द्यायचे.

प्रश्न उद्धट असेल, अडाणी नाही. तो विचारणाऱ्यांनी निवडणुकीत असं काही पाहिलंय, की राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने वही घेऊन त्यांच्यासमोर बसावं.

ताडकळस परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, स्वतःची बाजार समिती आहे, आणि सोयाबीनच्या भावावर सुरू झालेल्या कुठल्याही गप्पा आमदारकीवर नेऊन संपवायची सवयही आहे. मतदारसंघ मात्र गंगाखेड. गंगाखेड, पालम आणि पूर्णा हे तीन तालुके, मधून गोदावरी. त्यामुळे इथल्या माणसाला आमदार व्हायचं डोक्यात आलं, तर अर्ज भरायला नदी ओलांडून गंगाखेडला, संत जनाबाईच्या गावी, जावं लागतं.

या मतदारसंघात ‘तिसरा’ म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर राहणारा, असं समजायची चूक बाहेरचाच माणूस करतो. पूर्वी इथून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) ज्ञानोबा गायकवाड निवडून गेले. २००९ मध्ये सीताराम घनदाट अपक्ष म्हणून निवडून आले. मुंबईतल्या अभ्युदय बँकेच्या कारभारात राहिलेला हा माणूस मतदारसंघात ‘मामा’ म्हणूनच ओळखला जातो, आणि ज्याला तीन तालुके मामा म्हणतात त्याला चिन्ह कुठलं मिळालं याची फारशी फिकीर नसते. २०१४ ला राज्यात चारही मोठे पक्ष एकमेकांविरुद्ध वेगवेगळे लढले. गंगाखेडला राष्ट्रवादीचे मधुसूदन केंद्रे आले, पण कसे? राष्ट्रीय समाज पक्षाच्या (रासप) रत्नाकर गुट्टे यांना सव्वादोन-अडीच हजार मतांनी मागे टाकून. बाकीच्या मोठ्या पक्षांना तर दुसरा क्रमांकही जमला नाही.

मग आली २०१९. गुट्टे साखर कारखानदार. शेतकऱ्यांच्या नावावर कर्ज उचलल्याच्या आरोपाखाली ते तेव्हा परभणीच्या तुरुंगात होते. ते निवडणूक आतूनच लढले आणि शिवसेनेच्या विशाल कदम यांना सुमारे १८ हजारांनी हरवून निवडूनही आले. आपल्या कायद्याची गंमत अशी, की कच्च्या कैद्याला उमेदवार होता येतं, मतदार होता येत नाही. अर्ज भरताना घ्यायची शपथ त्याला तुरुंग अधीक्षकासमोर घेता येते, मत मात्र देता येत नाही. म्हणजे हजारो लोकांनी ज्याला मत दिलं, त्याला स्वतःला ते द्यायची मुभा नव्हती. बाकीचे उमेदवार चप्पल झिजेपर्यंत वाड्या-वस्त्या पालथ्या घालत होते. त्या निकालानंतर ‘प्रत्यक्ष भेटीगाठीचं महत्त्व’ या विषयावर ताडकळसला कुणी भाषण देऊ नये.

२०२४ चा प्रकार याच्याही पुढचा. लोकसभेला रासपचे संस्थापक महादेव जानकर महायुतीकडून परभणीत उतरले. चिन्ह शिट्टी. शिट्टी जोरात वाजली आणि जानकर सव्वा लाखाहून अधिक मतांनी पडले. विधानसभेच्या तोंडावर ते महायुतीतून बाहेर पडले. तिकडे महायुतीने मित्रपक्षांना सोडलेल्या मोजक्या जागांत गंगाखेडची जागा रासपच्या गुट्टे यांना दिली! पक्षाचा अध्यक्ष युतीबाहेर, पक्षाचा आमदार युतीत. गुट्टे २६ हजारांहून अधिक मतांनी पुन्हा आले आणि रासपला राज्यात मिळालेली ती एकुलती एक जागा ठरली. अशा मतदारसंघात ‘कुणाला पाडूलालात?’ हे विचारणाऱ्याला संशयी म्हणता येत नाही. तो फक्त अनुभवी आहे.

पण यावरून स्फूर्ती घेऊन जो साधा माणूस, समजा एखादा निवृत्त मास्तर, उभा राहायला निघतो त्याची गोष्ट निराळी आहे. खरी करमणूक तिथे आहे.

पहिलं म्हणजे दहा सूचक. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो; अपक्षाला आणि नुसत्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. दहा माणसं म्हणजे काय, असं मास्तरांना वाटतं. गल्लीतच वीस आहेत. प्रत्यक्षात एकाचं नाव अजून परभणीच्या यादीत असतं, दुसऱ्याच्या नावात आणि मतदारयादीतल्या नावात एका काना-मात्रेचं वैर असतं. तिसरा ‘तुमच्यासाठी जीव देईन’ म्हणतो, पण सही द्यायला घरी विचारून येतो. चौथ्याचा अंगठा, तो ठरलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो, म्हणून त्याला गाडीत घालून गंगाखेडला न्यायचं, जाताना-येताना जेवण. नववा नेमका त्याच सकाळी विरोधी गाडीत बसलेला दिसतो. विचारलं तर म्हणतो, ‘सहज आलो होतो.’

त्यानंतर शपथपत्र. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहायचं. स्वतःची जमीन, कर्ज, गाडी, विमा, गुन्हे, शिक्षण, आणि पत्नीचं सोनं, तेही वजन आणि किमतीसकट. या कागदाची प्रत कार्यालयाच्या फलकावर लागते आणि वेबसाइटवरही चढते. आजवर आपल्याकडे काही नाही असं सांगून ज्या बाईंनी भिशी टाळली, त्यांचे तोळे संध्याकाळपर्यंत गावभर होतात. मतदारसंघ मास्तरांना ओळखू लागण्याआधी घरातला पाठिंबा आटतो तो असा.

अनामत रक्कम १० हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत की ती गेली. २०२४ च्या विधानसभेला राज्यात चार हजारांहून अधिक उमेदवार होते. त्यांतल्या दर दहांत आठांहून अधिकांची अनामत गेली. अपक्ष दोन हजारांहून जास्त, निवडून आले दोन: जुन्नरचे शरद सोनवणे आणि चंदगडचे शिवाजी पाटील. तेही मोठ्या पक्षांतून रुसून आलेले. १९९५ ला ४५ अपक्ष आले होते आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या आधारावर शिवसेना-भाजप युतीचं सरकार उभं राहिलं. तो काळ आठवून आजही काही लोक कोट शिवायला टाकतात.

अनामतीची ही रक्कम पूर्वी अवघी २५० रुपये होती. १९९६ ला बेळगावच्या लोकसभेला महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आंदोलनातून इतके मराठी उमेदवार उभे राहिले, की एकूण आकडा ४५६ वर गेला आणि मतपत्रिकेचं पुस्तक छापावं लागलं. त्याच वर्षी तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार होते. त्याच वर्षी अनामत वाढली, आणि ज्या हौशी माणसाने बेळगाव नकाशातही पाहिलं नव्हतं त्याच्या खिशाला चाट बसली.

चिन्हाचा घोळ वेगळाच. मोठ्या पक्षाचं चिन्ह आजोबांच्या काळापासून भिंतीवर असतं. मास्तरांना ते माघारीची मुदत संपल्यावर मिळतं. २०२४ ला ४ नोव्हेंबरला माघार संपली, १८ ला प्रचार थांबला. म्हणजे कढई, बॅट, शिवणयंत्र किंवा कपबशी जे वाट्याला येईल ते चौदा दिवसांत तीन तालुक्यांच्या डोक्यात बसवायचं. कधी आपल्या चिन्हाचं नशीब आपल्यापेक्षा मोठं निघतं. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचं ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि एका अपक्षाची नुसती तुतारी, अशा दोन तुताऱ्या यंत्रावर होत्या. भाजपचे उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि नुसत्या तुतारीला ३७ हजार मतं पडली. दिंडोरीत तर तिने लाख ओलांडला. त्याआधी २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे अवघ्या २,११० मतांनी पडले. त्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला साडेनऊ हजारांवर मतं होती. पाडायला वक्तृत्व लागतंच असं नाही. कधी बारशाची तयारी पुरते.

खर्चाची मर्यादा ४० लाख. मास्तरांना हा आकडा ऐकून हसू येतं, पण हिशेब त्यांनाही चुकत नाही. वेगळं बँक खातं, रोजची नोंदवही, प्रचारात तीनदा तपासणी. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, ढोल-ताशा, सगळ्याचे दर जिल्हा प्रशासनाने ठरवलेले. मेव्हण्याने फुकट दिलेली जीपही खर्चात धरतात. मेव्हणा मग ‘धरतातच आहेत तर’ म्हणून खरंच पैसे मागतो.

तरीही तिसऱ्या माणसाने जिंकायचं कसं, याचा एक नमुना सोलापूर जिल्ह्यात होता. शेकापचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले, पहिल्यांदा १९६२ ला. एसटीने फिरणारा आमदार म्हणून ते ओळखले जात. १९९५ ला तेही पडले, तेव्हा फरक होता १९२ मतांचा. परभणीनेही १९७७ ला शेकापचे शेषराव देशमुख लोकसभेवर पाठवले होते. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल, तर लहान पक्ष निवडणुकीत मोठा होत नाही. तो माणूस आधीच बँकेत, कारखान्यात किंवा एसटीच्या बाकावर मोठा झालेला असतो, निवडणूक फक्त पावती फाडते. मास्तरांकडे यातलं फक्त एसटीचं बाक आहे, आणि त्यावर पन्नास वर्षं बसायची तयारी हवी.

तेव्हा ताडकळस परिसरातून पुढच्या विधानसभेचा विचार करणाऱ्यांना एवढीच विनंती: दहाही सूचकांचा यादीभाग आणि अनुक्रमांक आधीच स्वतः तपासा, अर्जासाठी शेवटच्या दिवशी दुपारच्या तीनची वाट पाहू नका, आणि दोनशे मतं पडली तरी निकालानंतर ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जमा करा. तो न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि मग कुणाला पाडायलाही उभं राहता येत नाही.