लाँग लेगवरचा घाम

सोलापुरात मे महिन्यात मुलांना क्रिकेट शिकवायचं तर सकाळी सहालाच मैदान गाठावं लागतं. इथे पारा ४३च्या पुढे गेला तर कुणी वर बघत नाही. गेला नाही तर मात्र लोक काळजीनं एकमेकांना विचारतात. पॉली उम्रीगर १९२६ साली याच गावात जन्मले, एवढ्या भांडवलावर इथला बाप पोराला समर कँपला घालतो. बाकीचं भांडवल बाटलीत असतं.

डावखुऱ्या बोलरची आई चॉकलेटी पावडर घातलेलं दूध आणते. ‘हेल्थ ड्रिंक आहे ओ.’ मी सांगून पाहिलं, की आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही, म्हणून एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना असली पेयं त्या रकान्यातून काढायला लावली. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘असू दे की. डब्यावर पळणारा पोरगा आहे.’ पुराव्यापुढे मी काय बोलणार!

विकेटकीपरच्या पप्पांचा विश्वास खोक्यातल्या गोड ‘ओआरएस’वर होता. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष असल्या नावांविरुद्ध आठ वर्षं भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५मध्ये खऱ्या सूत्राशिवाय ते नाव लावायला बंदी आली. खरं सूत्र म्हणजे लिटरभर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ आणि आणखी दोन क्षार. ते मुख्यतः जुलाबावरचं. यांच्या चिरंजीवांना जुलाब नव्हते, फक्त बॉल धरता येत नव्हता.

तिसरे एक गृहस्थ पुण्याहून निळ्या पाण्याची बाटली आणतात. या जातीचं पेय १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात जन्मलं. हेल्मेट आणि पॅड चढवून धडका मारणाऱ्या दांडग्या फुटबॉलपटूंसाठी. अर्ध्या लिटरात साधारण तीस ग्रॅम साखर असते. चहात तेवढी पडली तर हेच गृहस्थ कप परत पाठवतील.

ओपनरचे आजोबा मात्र कुणाचंच ऐकत नाहीत. डाळिंबाचा रस. जवळच केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६पासून जीआय आहे, शिवाय बाग घरची. रसातही साखर असते म्हटलं तर म्हणतात, ‘ती घरची साखर.’ माझं मत ताकाच्या बाजूनं आहे, जिरं-मीठ घातलेल्या. पण आमच्या उन्हात स्टीलच्या डब्यातलं ताक आठ वाजेपर्यंत स्वतःच्या मताचं होतं.

कोच बिचारे रोज ओरडतात, ‘पाणी पाजा!’ त्यावर सगळे पालक एका सुरात, ‘नुसतं पाणी?’ उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी नळाला आलं की हीच माणसं हंडे, पिंप, बादल्या आणि वेळ पडली तर इडलीपात्रसुद्धा भरून ठेवतात. नळ आलाय म्हणून लग्नाच्या पंगतीतून उठलेली माणसं मी पाहिलीत. मैदानात मात्र पाण्याची किंमत शून्य, कारण त्याला चव नाही, रंग नाही आणि शेजारणीला दाखवायला लेबल नाही.

आता मेहनतीचंही बघू. माझा मुलगा लाँग लेगला उभा असतो. तासाभरात चेंडू त्याच्याकडे एकदाच आला, तोही बाजूच्या नेटमधला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ सालीच सांगितलंय, की एरवी खेळणाऱ्या पोराला पाणी पुरतं. खरा घाम कुंपणाबाहेर गळतो. ‘पाय काढ! पाय काढ की रे!’ म्हणून तासभर ओरडणाऱ्या बापाला क्षारांची गरज जास्त असावी.

शेवटच्या दिवशी सामना होता. ड्रिंक्स ब्रेकची शिट्टी झाली आणि आया अशा धावल्या, की कँपभर तेवढी चोरटी धाव कुणी काढली नव्हती. दूध, खोकं, निळं पाणी, डाळिंब, ताक. एकाचं दुसऱ्यानं प्यायलं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. खेळ पुन्हा सुरू झाला. दुसऱ्याच ओव्हरला मिडऑननं करंगळी वर केली. मग पॉइंटनं. मग स्लिपमधल्या दोघांनी. अंपायर बघतोय तोवर नॉनस्ट्रायकर बॅट टाकून भिंतीकडे पळाला. विकेटकीपरनं तत्परतेनं बेल्स उडवल्या आणि अपील न करताच तोही त्याच्यामागे धावला.

स्कोअरर शेजारच्या शाळेतली नववीतली मुलगी होती, अक्षर सुंदर. तिनं वहीत लिहिलं: ‘ड्रिंक्समुळे खेळ थांबला.’